गणिताध्ययन, वऱ्हाडातील

वऱ्हाडात (अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ व वाशिम हे जिल्हे) गणिताच्या अध्ययनाचे दोन ठळक कालखंड आढळतात. पहिला सोळाव्या शतकातील पयोष्णीकाठच्या एका ज्योतिषी घराण्याचा आणि दुसरा विसाव्या शतकातील महाविद्यालयीन व अभियांत्रिकी शिक्षणाचा. या दोहोंना जोडणारी सलग गुरुपरंपरा दाखविता येत नाही. तथापि गणिताचा नियम ठाऊक असणे आणि तो खरा का आहे हे ठाऊक असणे यांतील भेद दोन्ही कालखंडांत सारखाच महत्त्वाचा ठरला आहे. अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षेच्या तयारीमुळे तो आज विद्यार्थ्यांच्या रोजच्या अभ्यासाचा प्रश्न बनला आहे.

दधिग्रामचे घराणे : एलिचपूर (अचलपूर) परिसरात पयोष्णीच्या तीरी दधिग्राम नावाचे गाव होते. पयोष्णी म्हणजे पूर्णा नदी, असे सामान्यतः मानतात. या गावी चिंतामणी नावाचे दैवज्ञ राहत. त्यांचा पुत्र राम यास विदर्भाच्या राजाचा आश्रय होता. रामाचा नातू बल्लाळ काशीस जाऊन स्थायिक झाला आणि या घराण्याचे पुढील सर्व ग्रंथलेखन तेथेच झाले. बल्लाळाच्या पाच पुत्रांपैकी कृष्ण दैवज्ञ व रंगनाथ हे दोघे विशेष प्रसिद्धीस आले. रंगनाथाने सूर्यसिद्धांतावर गूढार्थप्रकाशक ही टीका लिहिली (१६०३). त्याच वर्षी जन्मलेला त्याचा पुत्र मुनीश्वर याने लीलावतीवर निसृष्टार्थदूती व सिद्धांतशिरोमणीवर मरीचि या टीका आणि सिद्धांतसार्वभौम (१६४६) हा स्वतंत्र ग्रंथ रचला. काशीतच वास्तव्य असलेल्या, पण मूळच्या गोदाकाठच्या कमलाकर दैवज्ञाशी मुनीश्वराचे मतभेद होते. महाराष्ट्रातून गेलेल्या दोन घराण्यांचा हा शास्त्रीय विरोध काशीत बराच गाजला.

कृष्ण दैवज्ञ : गणिताच्या दृष्टीने घराण्यातील सर्वांत महत्त्वाचा पुरुष हाच. त्याचा गुरू विष्णू हा नृसिंहाचा शिष्य होता आणि नृसिंह कोकणातील नांदगावच्या सुप्रसिद्ध गणेश दैवज्ञाचा पुतण्या. म्हणजे वऱ्हाडी घराण्याची विद्या कोकणच्या परंपरेतून आलेली होती. कृष्णास जहांगीर बादशहाच्या दरबारी मान होता. त्याने जातकपद्धतीच्या एका उदाहरणासाठी अब्दुर्रहीम खानखानान याची जन्मपत्रिका घेतली आहे. भास्कराचार्यांच्या (दुसरे) बीजगणित या ग्रंथावरील त्याची बीजपल्लव ही टीका सु. १६०० ची असून नियमांच्या उपपत्ती, म्हणजे सिद्धता, विस्ताराने देणे हे तिचे वैशिष्ट्य होय.

या टीकेतील एक विवेचन विशेष लक्षणीय आहे. दोन राशींच्या वर्गांच्या बेरजेत त्यांचा दुप्पट गुणाकार मिळविला की बेरजेचा वर्ग येतो, हा नियम उपपत्तीवाचून कसा मान्य करावा, असा प्रश्न कृष्ण उपस्थित करतो. काही उदाहरणांत तो खरा ठरतो हे कारण त्याला पुरेसे वाटत नाही. तसे मानले, तर ‘दोन राशींच्या गुणाकाराची चौपट म्हणजे त्यांच्या बेरजेचा वर्ग’ हेही मान्य करावे लागेल. कारण २ व २ घेतल्यास दोन्हीकडे १६, ३ व ३ घेतल्यास ३६ आणि ४ व ४ घेतल्यास ६४ येतात. प्रत्यक्षात हे विधान दोन्ही राशी समान असतानाच खरे ठरते. (क + ख)² आणि ४ क ख यांतील अंतर (क − ख)² एवढे असते व राशी समान नसतील तेथे ते शून्य होत नाही. यास्तव काही ठिकाणी नियम पटला तरी अन्यत्र व्यभिचार संभवतो आणि म्हणून युक्ती दिलीच पाहिजे, असे त्याचे प्रतिपादन आहे. भारतीय गणितात नियम होते, सिद्धता नव्हत्या, हे मत आजही अधूनमधून ऐकू येते. ते मांडणाऱ्यांनी ही टीका पाहिलेली नसावी.

धन व ऋण राशींचा अर्थही कृष्णाने दिशेच्या आधारे उलगडला आहे. आनंदवनाच्या (काशीच्या) पूर्वेस १५ योजनांवर पाटलिपुत्र आणि पश्चिमेस ८ योजनांवर प्रयाग आहे. या दोन नगरांमधील अंतर २३ योजने असून ते बेरजेवाचून मिळत नाही. पूर्व दिशा धन मानली की पश्चिम ऋण ठरते आणि धनातून ऋण वजा करताना बेरीज का करावी लागते, हे डोळ्यांपुढे उभे राहते. आजच्या पाठ्यपुस्तकातील संख्यारेषा याहून फार वेगळी नाही.

आधुनिक शिक्षण : वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या प्रशासनाखाली आले. उच्च शिक्षणाची सोय मात्र फार उशिरा झाली. अमरावतीचे किंग एडवर्ड महाविद्यालय (नंतरचे विदर्भ महाविद्यालय) १९२३ मध्ये निघाले. अमरावतीस शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ मध्ये स्थापन झाले. १९८३ मध्ये अमरावती विद्यापीठ (आता संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ) अस्तित्वात आले. त्याच सुमारास राज्यात विनाअनुदानित महाविद्यालयांना परवानगी मिळाल्याने बडनेरा, शेगाव, पुसद व अकोला येथे अभियांत्रिकी महाविद्यालये सुरू झाली.

या अभ्यासक्रमाच्या प्रारंभी येणारे गणित म्हणजे मुख्यतः अवकलन व समाकलन, अवकल समीकरणे, आव्यूह व सदिश होय. त्याची गरज जवळच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. काटेपूर्णा किंवा ऊर्ध्व वर्धा अशा प्रकल्पात पाणी अडविणाऱ्या उभ्या पृष्ठावरील दाब खोलीच्या प्रमाणात वाढत जातो. तळापर्यंतच्या दाबाचे समाकलन केले असता १० मी. खोलीसाठी दर मीटर लांबीवर सु. ४·९ लाख न्यूटन प्रेरणा मिळते. खोली दुप्पट झाली की प्रेरणा चौपट आणि तळाभोवतीचे उलथविणारे परिबल आठपट होते. केवळ सूत्र पाठ असणाऱ्याच्या नजरेतून हा दुसरा आकडा सुटण्याचा संभव अधिक.

प्रवेशपरीक्षा : पूर्वी अभियांत्रिकीचे प्रवेश बारावीच्या गुणांवर होत, पुढे राज्याची सामाईक प्रवेशपरीक्षा आली. २०१४ व २०१५ या वर्षी तिच्याऐवजी केंद्रीय परीक्षेचे गुण धरले गेले व २०१६ पासून अभियांत्रिकीसाठी राज्याची परीक्षा पुन्हा सुरू झाली. २०१९ पासून ती संगणकावर होऊ लागली. तीत गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत सोडवावयाचे असून प्रत्येकास २ गुण असतात. एकूण २०० गुणांपैकी निम्मे एकट्या गणिताचे असून चुकीच्या उत्तरास गुण वजा होत नाहीत. एका प्रश्नास सरासरी १०८ सेकंद मिळत असल्याने, दिलेल्या पर्यायांत एखादी सोयीची किंमत घालून उत्तर निवडण्याची रीत शिकवणीवर्गांतून रूढ झाली आहे. ती सर्वस्वी त्याज्य नाही. मात्र तिची मर्यादा कृष्ण दैवज्ञाने दाखविलेलीच आहे. उदा., (ज्या अ + कोज्या अ)² याचे मूल्य विचारून १ + ज्या २अ, ४ ज्या अ कोज्या अ आणि २ असे पर्याय दिले आहेत. येथे अ = ४५° घेतल्यास ज्या व कोज्या समान असल्याने तिन्ही पर्याय २ हेच उत्तर देतात व निवड अशक्य होते. मधला पर्याय म्हणजे कृष्णाने खोडलेले तेच चौपटीचे विधान आहे. अ = ३०° घेतल्यास मूळ राशी सु. १·८७ येते, मधला पर्याय सु. १·७३ व शेवटचा २ देतो. म्हणून हे दोन्ही बाद होतात. एका प्रतिकूल किंमतीने पर्याय खोडता येतो, पण अनुकूल किंमतीने तो सिद्ध होत नाही. उरलेला पहिला पर्याय बरोबर असल्याची खात्री वर्गाचा विस्तार करून, ज्या² अ + कोज्या² अ = १ आणि २ ज्या अ कोज्या अ = ज्या २अ ही सूत्रे वापरल्यावरच होते, आणि त्यास दोन ओळींहून अधिक जागा लागत नाही.