साखळीपट्ट्यांची दूरनियंत्रित वाहने वळतात कशी?

रणगाडा, बुलडोझर किंवा स्फोटके हाताळणारा छोटा यंत्रमानव यांना वळवता येतील अशी पुढची चाके नसतात. दोन्ही बाजूंच्या साखळीपट्ट्यांच्या वेगात फरक पाडूनच ही वाहने दिशा बदलतात. वळताना पट्टे जमिनीवर आडवे घासले जातात. जमिनीला टेकलेली त्यांची लांबी दोन पट्ट्यांमधील अंतराच्या तुलनेत जितकी अधिक, तितके वळणे जड जाते. म्हणूनच लांब व अरुंद यंत्रमानव सरळ उत्तम चालतो, पण वळताना मोटारी तापवतो.

सर्वांत सोपी पद्धत क्लच-ब्रेकची. एका बाजूचा क्लच सोडून गरजेनुसार ब्रेक लावला जातो. यात शक्ती उष्णतेच्या रूपाने वाया जातेच. शिवाय उतारावर क्लच सोडलेला पट्टा इंजिनाच्या रोधातून सुटून अधिक वेगाने धावतो आणि वाहन अपेक्षेच्या उलट दिशेला वळू शकते. अहिल्यानगरच्या (पूर्वीचे अहमदनगर) रणगाडा संग्रहालयातील ब्रिटिश चर्चिल रणगाड्यात मेरिट-ब्राउन गिअरपेटीने ही हानी कमी केली. आतल्या पट्ट्याकडून काढलेली शक्ती ती बाहेरच्या पट्ट्याला देत असे. भारतीय लष्करातील टी-७२ मध्ये प्रत्येक पट्ट्याला स्वतंत्र गिअरपेटी आहे. वळताना आतल्या बाजूस खालचा गिअर पडतो.

छोट्या दूरनियंत्रित वाहनांत ही यंत्रणा बहुधा लागत नाही. प्रत्येक पट्ट्याला एक मोटार व एक वेगनियंत्रक पुरतो. वेगाच्या आज्ञेत वळणाची आज्ञा एका बाजूस मिळवायची, दुसऱ्या बाजूस वजा करायची, इतकेच गणित. वेग शून्य असेल तर पट्टे परस्परविरुद्ध फिरतात व वाहन जागच्या जागी वळते.

खरी अडचण वेग वाढल्यावर येते. वेग ८० टक्के व वळण ४० टक्के असेल तर बेरीज-वजाबाकी १२० आणि ४० येते. मोटार शंभरापलीकडे जात नाही. प्रत्यक्षात १०० आणि ४० मिळतात व वळण मागितल्यापेक्षा रुंद होते. अरुंद बोळात स्फोटकाजवळ जाणाऱ्या यंत्रमानवासाठी ही चूक गंभीर ठरते. दोन्ही मूल्ये एकाच प्रमाणात घटवून १०० आणि सुमारे ३३ केली, तर वेग कमी होतो, पण वळणाची त्रिज्या बिघडत नाही.

तरीही पट्टे घसरत असल्याने केवळ मोटारींचे फेरे मोजून दिशा अचूक कळत नाही. त्यासाठी यंत्रमानवावर जायरोस्कोप बसवितात आणि त्याच्या मोजणीनुसार पट्ट्यांचा वेग सतत दुरुस्त करतात.