‘चौरस फूट’ : कळमेश्वरच्या भूमिव्यवहारातील एका मापाचा इतिहास

नागपूरच्या पश्चिमेस असलेल्या कळमेश्वर या तालुक्याच्या गावी जमिनीचा भाव दोन परिभाषांत बोलला जातो. संत्र्याची बाग किंवा पऱ्हाटीचे वावर विकले जाते ते एकराने. त्याच वावरात भूखंड पाडले की ते विकले जातात फुटाने. माप बदलते तेव्हा केवळ आकडा बदलत नाही, मोजली जाणारी वस्तूही बदलते, हे प्रस्तुत टिपणात दाखवावयाचे आहे.

भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाल्यावर या प्रदेशात मालगुजारी पद्धती रूढ झाली आणि महसुली दप्तरांत एकर व त्याचा शतांश, म्हणजे डिसमिल, ही मापे स्थिर झाली. गुंठा हे मुंबई इलाख्याच्या मोजणीचे माप होय. तेहतीस फुटी साखळीचा तो चौरस, म्हणजे १,०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे मिळून एक एकर. मालगुजारी १९५१ मध्ये संपुष्टात आली, विदर्भ १९५६ मध्ये मुंबई राज्यात समाविष्ट झाला, आणि त्याच वर्षीच्या वजनमापांच्या कायद्याने दशमान पद्धतीचा पाया घातला. सातबारावर पुढे हेक्टर व आर आले. एक आर सुमारे १,०७६ चौरस फुटांचा असल्याने व्यवहारात त्यास गुंठाच समजण्याची प्रवृत्ती दिसते. परंतु शंभर आर आणि शंभर गुंठे यांत सुमारे १,२६० चौरस फुटांचे, म्हणजे एका पूर्ण गुंठ्याहून अधिक, अंतर पडते.

दप्तर दशमान झाले तरी बाजाराची जीभ मात्र फुटालाच धरून राहिली. ‘चतुरस्र’पासून आलेला ‘चौरस’ आणि इंग्रजीतून आलेला ‘फूट’ यांचा हा संकर आता इतका अंगवळणी पडला आहे की त्याचे परकेपण कोणास जाणवत नाही. औद्योगिक क्षेत्र, इटारसीकडे जाणारा लोहमार्ग आणि नागपूरचे सान्निध्य यांमुळे कळमेश्वर परिसरातील शेतजमिनीस बिनशेती मागणी आली. नागपुरी बोलीत ‘ले-आउट’ हा शब्द नकाशाचा न राहता वस्तीचाच वाचक झाला. २००१ च्या गुंठेवारी अधिनियमाच्या संदर्भात तर ‘५७२’ व ‘१९००’ हे आकडे नागपुरात ले-आउटांच्या याद्यांची नावे होऊन बसले. २०१७ मध्ये महानगर प्रदेश विकास प्राधिकरण स्थापन झाले आणि कळमेश्वर तालुक्यातील अनेक गावे त्याच्या कक्षेत आली.

आता हिशेब पाहू. एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. समजा, शेतकऱ्यास एकरी ४३,५६,००० रुपये मिळाले. हा भाव फुटास शंभर रुपये पडतो. रस्ते व खुली जागा यांत चाळीस टक्के क्षेत्र गेले असे मानल्यास विक्रीयोग्य २६,१३६ चौरस फूट उरतात, आणि विकासाचा खर्च धरण्यापूर्वीच फुटाचा भाव सुमारे १६७ रुपये होतो. दोन्ही आकडे खरे आहेत. परंतु पहिला फूट वावराचा, दुसरा भूखंडाचा. ही वजाबाकी न सांगता दोन्ही भाव शेजारी ठेवले, तर शेतकऱ्यास आपण लुबाडले गेलो असे वाटते आणि ग्राहकास नफ्याचा अंदाज चुकतो.

सदनिकांच्या बाबतीत हा घोटाळा अधिक गहन आहे. ‘सुपर बिल्ट-अप’ एक हजार चौरस फुटांस तीन हजारांचा दर सांगितला आणि आतील वापराचे क्षेत्र सातशेच भरले, तर खरा दर ४,२८६ रुपये होतो. २०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमाने चटई क्षेत्राची व्याख्या निश्चित केली : त्यात आतील भिंती धरल्या जातात, बाहेरील भिंती, बाल्कनी व खुली गच्ची वगळली जाते. तथापि मराठी परिभाषेत एक अडचण उरतेच. ‘चटई क्षेत्र निर्देशांक’ या संज्ञेतील चटई क्षेत्र बांधकामाच्या क्षेत्राशी निगडित आहे, तर सदनिकेचे चटई क्षेत्र केवळ आतील वापराचे. एकाच शब्दयोजनेने दोन भिन्न राशी दर्शविल्या जातात.

तात्पर्य, ‘चौरस फूट’ हे पद एकटे उभे राहू शकत नाही. त्यास षष्ठीची अपेक्षा असते. कशाचा चौरस फूट, हे ज्या भावात सांगितलेले नाही, तो भाव व्याकरणदृष्ट्या अपूर्ण आणि व्यवहारदृष्ट्या धोक्याचा समजावा. भूमिव्यवहाराच्या इतिहासासाठी जुनी खरेदीखते तपासणाऱ्या अभ्यासकानेही रकमेआधी हीच षष्ठी शोधावी. अन्यथा भाववाढ म्हणून तो जे नोंदवील, ते पुष्कळदा केवळ मापांतर असेल.