चिंचोक्याची खळ आणि पिठाचें प्लास्टिक

सातारा जिल्ह्यांतील म्हसवड हें गांव सिद्धनाथाच्या रथयात्रेप्रमाणेंच घोंगड्यांसाठींही नांवाजलेलें. तेथील विणकर लोकरीच्या ताण्यास चिंचोक्याची खळ देतात. चिंचोके दळून शिजविले, म्हणजे दाट, चिकट खळ होते. तिनें धागा ताठ राहतो व विणतांना तुटत नाहीं. घोंगडें जीर्ण होऊन उकिरड्यांत गेलें, कीं लोकर आणि खळ या दोहोंचीही कालांतरानें मातीच होते.

पिठाची धाग्याशीं सोयरीक अशी जुनी. प्लास्टिकशीं मात्र अलीकडची. १९७० नंतरच्या दशकांत इंग्लंडमध्यें जेराल्ड ग्रिफिन यांनीं पॉलिएथिलीनमध्यें धान्याचें पिष्ट मिसळलें. कल्पना मोहक होती: जमिनींतील जंतू पिष्ट खातील आणि पिशवी विरून जाईल! घडलें निराळेंच. पिष्टास पाणी हवेंसें, पॉलिएथिलीनला त्याचें वावडें. पिष्ट फार घालावें, तर पिशवी दुबळी होते. थोडें घालावें, तर तें आंत कोंडलें जाऊन जंतूंच्या हातीं लागत नाहीं. लागलें तरी दाणे टिपून पांखरें उडावीं आणि रिकामें कणीस उरावें, तशी गत. पॉलिएथिलीनचा चुरा जमिनींत तसाच राहतो.

पुढें इटलींतील नोव्हामाँट कंपनीनें पिष्टाचा जोडीदारही कुजणाराच निवडला. भारतांत २०१६ च्या नियमांनीं अशा पिशव्यांस प्रमाणपत्राची अट घातली. त्यासाठींची कसोटी सुमारें ५८ अंश उष्णतेच्या ओलसर खतांत घेतात. इतकी अखंड ऊब आणि ओल माणगंगेच्या कोरड्या पात्रांत पडलेल्या पिशवीस लाभत नाहीं.