पुढचे नाव, मागचे इंजिन

कर्जत स्थानकावर पुण्याकडे जाणाऱ्या बहुतेक लांब पल्ल्याच्या गाड्या थांबतात, त्या केवळ उतारूंसाठी नव्हे. बोरघाटाचा लोहमार्ग १८६३ साली खुला झाला. त्याचा चढ सदतीस फुटांस एक फूट इतका कठीण आहे. म्हणून येथे गाडीच्या शेपटाला जादा इंजिने जोडली जातात. रेल्वेत त्यांना ‘बँकर’ म्हणतात. ती मागून रेटा देतात आणि घाटमाथा आला की सुटतात. गाडीच्या पाटीवर त्यांचा उल्लेख कोठेही नसतो. आजच्या मोटारींच्या बाजारातील एका नावाचा विचार करताना या मागच्या इंजिनांची आठवण होते. ते नाव म्हणजे एमजी. नाव इंग्लंडचे, रेटा चीनचा आणि आता भागीदार भारतीय, अशी तिची स्थिती आहे.

हा विचार कर्जत-खालापूरच्या परिसरात बसून करण्याला कारण आहे. मुंबईहून देशावर जाणारी वाट येथूनच चढते. १८३० साली गव्हर्नर माल्कम यांच्या काळात बोरघाटातून गाडीरस्ता झाला, २००२ पर्यंत द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. खालापूरच्या टोलनाक्यावर उभे राहिले तर देशातील जवळजवळ प्रत्येक मोटारीचे नाव वाचता येते. आणि ही नावे वाचू लागले, की त्यांचा एक इतिहास आहे हे ध्यानात येते.

या इतिहासाचा आरंभ घाटाखाली, कुर्ल्यास होतो. १९४४ साली वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापन केली. पुढे तेथे इटलीच्या फियाटच्या मोटारी तयार होऊ लागल्या. त्यांतील फियाट ११०० हे मूळ युरोपीय वाहन सत्तरच्या दशकात ‘प्रीमियर पद्मिनी’ झाले. इटालियन सांगाड्याला चितोडच्या राणीचे नाव मिळाले. मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला ही रीत नवी वाटू नये. देवलांनी ‘ऑथेल्लो’चा ‘झुंजारराव’ केला, तो याच रीतीने: कथानक परके, नावगाव आपले. त्याला आपण रूपांतर म्हणतो. पद्मिनी हे मोटारीचे रूपांतरच होते. ती इतकी रुळली की मुंबईची टॅक्सी म्हणजे पद्मिनी असे समीकरण झाले, आणि २०२३च्या ऑक्टोबरात शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेली तेव्हा लोकांनी घरचे माणूस गेल्यासारखी हळहळ व्यक्त केली. तिचे कूळ इटलीचे आहे, हे तेव्हा कितीजणांच्या मनात आले असेल?

खुद्द खालापूर तालुक्यातही नावांचा असाच खेळ झालेला आहे. खोपोलीस साठच्या दशकात महिंद्र उजीन स्टील हा मिश्रपोलादाचा कारखाना उभा राहिला. त्यातील ‘उजीन’ हे फ्रान्समधील सावोय प्रांतातल्या एका गावाचे नाव. तेथील पोलाद कंपनीचे सहकार्य त्यामागे होते. हे पोलाद मोठ्या प्रमाणावर मोटारींच्या सुट्या भागांसाठी जाई. पुढे जपानी भागीदार आले, ‘महिंद्र सान्यो’ अशी पाटी लागली. नंतर तीतील महिंद्र हा शब्दही गेला. भट्टी तीच, गाव तेच. पाटीवर मात्र आधी फ्रान्स आले, मग जपान.

आता एमजीकडे वळू. ही अक्षरे ‘मॉरिस गॅरेजेस’ची आद्याक्षरे. ऑक्सफर्डच्या या पेढीत सेसिल किंबर यांनी विसाच्या शतकाच्या तिसऱ्या दशकात हलक्या, चपळ मोटारी बांधण्यास सुरुवात केली. १९८० साली ॲबिंग्डनचा मूळ कारखाना बंद पडला. नाव मात्र एका धन्याकडून दुसऱ्याकडे जात राहिले. काही वर्षे ते जर्मनीच्या बीएमडब्ल्यूकडेही होते. २००५ साली एमजी रोव्हर कंपनीचे दिवाळे निघाले आणि चीनच्या नानजिंग ऑटोमोबाईलने ते विकत घेतले. दोन वर्षांनी नानजिंगच शांघायच्या ‘सायक’ या सरकारी मालकीच्या कंपनीत विलीन झाली. इंग्रजांच्या हाती अखेर नावाविषयीची आठवण उरली.

भारतात सायक आली ती याच नावाने. जनरल मोटर्सने गुजरातेतील हालोलचा कारखाना सोडला, तो तिने २०१७ साली घेतला. २०१९ साली पहिली गाडी आली. तिचे नाव ‘हेक्टर’: होमरच्या महाकाव्यातील ट्रॉयचा वीर, आणि ब्रिटनच्या एका जुन्या विमानाचेही नाव. पुढे ‘ग्लॉस्टर’, ‘ॲस्टर’, ‘कॉमेट’ आणि २०२४ साली ‘विंडसर’. ही यादी वाचून एखाद्या इंग्रजी कादंबरीची पात्रे समोर यावीत. प्रत्यक्षात हेक्टरचा मूळ आराखडा चीनमध्ये विकल्या जाणाऱ्या ‘बाओजुन ५३०’चा, तर विंडसरचा ‘वूलिंग क्लाउड’चा. पद्मिनीची रीत येथे उलटी झाली आहे. तेव्हा युरोपीय देहाला देशी नाव दिले गेले. आता चिनी देहाला युरोपीय नाव दिले जाते. वाङ्मयात यालाही प्रतिशब्द आहे. स्वतंत्र लेखन करून त्यावर परभाषेतील लेखकाचे नाव घालणे, म्हणजे भाषांतराचा देखावा.

या देखाव्याने बाजारात कोणती जागा मिळाली? सर्व मोटारींचा हिशेब धरला तर एमजीचा वाटा लहानच आहे. शंभरात दोन गाड्याही तिच्या नाहीत. विजेच्या मोटारींत मात्र ती टाटांच्या पाठोपाठ दुसऱ्या क्रमांकावर पोचली. विंडसर आली तेव्हा तिची किंमत ९ लाख ९९ हजार होती आणि बॅटरीचे भाडे दर किलोमीटरला साडेतीन रुपये वेगळे. म्हणजे नावाने विलायती प्रतिष्ठा दिली, किमतीने मध्यमवर्गाचे दार उघडले. जर्मन मोटारींच्या पंक्तीस ती बसत नाही, आणि ‘चिनी माल’ या शेऱ्यातूनही सुटते. हीच तिची मधली जागा.

परंतु नावाची सत्ता कोठवर चालते, हे पाहण्यासाठी घाट चढून तळेगावला जावे लागेल. तेथे जनरल मोटर्सचा दुसरा कारखाना होता. तो घेण्यासाठी चीनच्या ग्रेट वॉल कंपनीने जून २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारशी करार केला. त्याच दिवसांत गलवानचा संघर्ष झाला. सीमेलगतच्या देशांतील भांडवलाला सरकारी परवानगी हवी, हा नियम एप्रिलमध्येच आला होता. परवानगी मिळाली नाही आणि २०२२ साली ग्रेट वॉल मागे फिरली. अखेर कोरियाच्या ह्युंदाईने तो कारखाना घेतला. दरम्यान डिसेंबर २०२० मध्ये उत्पादन थांबले होते आणि सुमारे हजार कामगार न्यायासाठी झगडत होते.

येथे कोणी म्हणेल, ग्रेट वॉलपाशी इंग्रजी नावाचे कवच नव्हते म्हणून ती अडली. ते खरे नाही. सायक तीन वर्षे आधी आली, म्हणून आत होती. नव्या भांडवलासाठी तिचीही वाट अडली. त्यातून मार्ग निघाला तो २०२३ साली सज्जन जिंदल यांच्या जेएसडब्ल्यू समूहाशी झालेल्या करारातून. समूहाने ३५ टक्के भाग घेतला आणि २०२४ पासून कंपनीच्या नावाआधी ‘जेएसडब्ल्यू’ लागले. याच समूहाचा पोलादाचा मोठा कारखाना आपल्या रायगड जिल्ह्यात, पेण तालुक्यातील डोलवीस आहे.

नाव ग्राहकाच्या दारी चालते, हा यातून निघणारा निष्कर्ष. सरकार मात्र गाडीच्या मागे कोणते इंजिन आहे ते पाहते. आणि कामगाराला पाटीवर काय लिहिले आहे याहून भट्टी उद्या पेटणार की नाही, याची चिंता असते. खोपोलीच्या कामगाराने पाट्या बदलताना पाहिल्या, भट्टी टिकली. तळेगावच्या कामगाराला तेवढेही भाग्य लाभले नाही.

साहित्याच्या विद्यार्थ्याला ग्रंथाच्या मुखपृष्ठावरील नाव वाचून थांबू नये, असे शिकवतात. हे शिक्षण टोलनाक्यावरही उपयोगी पडावे. विंडसर पुढून जाताना दिसली, तर क्षणभर कर्जतच्या फलाटाचे स्मरण करावे आणि गाडीच्या शेवटच्या टोकाकडे एकदा पाहावे.