अजिंठ्याची चोळी, तांड्याची कांचळी

फॅशन डिझाइनच्या पहिल्या वर्षाची फाईल मांजरपाटाच्या चौकोनी तुकड्यांनी सुरू होते. धावदोरा, तुरपाई, उलटी टीप, काज. मग खाकी कागदावर झबल्याचं ड्राफ्टिंग, चुण्या, प्लेट्स, रंगचक्र. आणि या सगळ्याच्या मागे, परीक्षेच्या आधी घाईघाईत उरकलेला एक भाग असतो: वेशभूषेचा इतिहास. वाशीममध्ये मी हे सगळं शिकवते. इतिहासाच्या पानाशी मुली पुस्तकातली अजिंठ्याची आकृती ट्रेस करतात, खाली ‘गुप्तकाळ’ लिहितात आणि पुढे जातात. मला मात्र तिथून हलवत नाही. ते पान आपल्या गावाचं आहे.

पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात अजिंठ्याची नवी लेणी खोदली आणि रंगवली जात होती, तेव्हा तिथे सत्ता होती वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेची. वत्सगुल्म म्हणजे वाशीम. सोळावं लेणं हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने करवून घेतलं, तसं तिथल्या शिलालेखातच आहे. ही शाखा इतिहासात नीट उभी राहिली तीसुद्धा 1939 मध्ये वाशीमला सापडलेल्या ताम्रपटामुळे. दुसऱ्या विंध्यशक्तीच्या 37व्या राज्यवर्षातलं ते दानपत्र, काही संस्कृतात, काही प्राकृतात. तेव्हा माझ्या वर्गात ‘गुप्तकाळ’ खोडून ‘वाकाटककाळ’ लिहावं लागतं, आणि राजधानीचं नाव लिहिताना मुलींच्या चेहऱ्यावर जो बदल होतो तो मला हवा असतो.

त्या भिंतींवर कापड किती आहे! पहिल्या लेण्यात महाजनक जातकातली नर्तकी आहे. तिच्या अंगात लांब बाह्यांची, बेतून शिवलेली चोळी आहे. खाली पट्ट्यापट्ट्यांचं वस्त्र. त्याच लेण्यात हंसांची नक्षी असलेलं कापड आहे, आणि टोप्या-अंगरखे घातलेले परदेशीही. म्हणजे न शिवता नेसायचं, गुंडाळायचं वस्त्र आणि कात्री लावून शिवलेलं वस्त्र, दोन्ही एकाच दरबारात शेजारी शेजारी वावरत होती. ‘आपल्याकडे पूर्वी शिवणं नव्हतंच’ असं सरसकट सांगणाऱ्याला मी ही नर्तकी दाखवते. बाही खांद्याला कुठे जोडली असेल, काखेत चौकट लागली असेल का, हे मुलींनी कागदावर काढून पाहावं, हा माझा आग्रह. ट्रेसिंग पेपरवर हे समजत नाही.

नक्कल करणं कमीपणाचं आहे असंही कोणी समजू नये. 1857 मध्ये सुरू झालेल्या मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे विद्यार्थी जॉन ग्रिफिथ्स यांच्याबरोबर 1872 पासून 1885 पर्यंत अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करत होते. पेस्तनजी बोमनजी त्यांच्यातलेच. त्या नकलांपैकी बऱ्याच लंडनमध्ये लागलेल्या आगीत गेल्या. उरलेल्या आणि ग्रिफिथ्स यांनी 1896-97 मध्ये छापलेल्या मोठ्या ग्रंथातली पानं आज अभ्यासकांना लागतात, कारण मूळ भिंतींवरचा रंग मधल्या काळात अनेक ठिकाणी गळून पडला. अंधाऱ्या लेण्यात बसून विद्यार्थ्यांनी केलेला हा सराव होता. पहिल्या वर्षाच्या फाईलला याहून मोठा पूर्वज मला ठाऊक नाही.

वेशभूषेबद्दलची आणखी एक गोष्ट राजशेखराने, दहाव्या शतकाच्या आसपास, ‘काव्यमीमांसे’त सांगितली आहे. रुसून निघालेल्या काव्यपुरुषाची समजूत काढायला साहित्यविद्या त्याच्यामागे देशोदेशी फिरते. प्रत्येक प्रदेशात तिचा वेष निराळा, आणि तिथल्या बायका तिचं पाहून तसाच वेष करू लागतात. या प्रवासाचा शेवट विदर्भात, वत्सगुल्म नगरात होतो आणि दोघांचं लग्नही तिथेच लागतं. प्रदेशागणिक पेहराव कसा बदलतो, एकीचं पाहून दुसरी कशी घेते, हे सांगणारी ही कथा वाशीमला येऊन संपते. अभ्यासक्रमात ती नाही. मी सांगते.

आता तांड्याकडे, म्हणजे बंजारा वस्तीकडे येते, कारण माझ्या वर्गातल्या कितीतरी मुली तिथून येतात. मानोरा तालुक्यातलं पोहरादेवी हे संत सेवालाल महाराजांचं, बंजारा समाजाचं श्रद्धास्थान. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये तिथे बंजारा विरासत संग्रहालयही उघडलं. हा समाज बैलांवर धान्य आणि मीठ लादून देशभर नेत असे. त्याला लदेणी म्हणत. 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, पुढे कारंज्याच्या कापसालाही मुर्तिजापूरकडे जाणारी नॅरोगेज मिळाली, आणि बैलाच्या पाठीवरचा व्यापार मोडला. घरं स्थिरावली, पण कपडा वाटेवरचाच राहिला. जाड, दुहेरी, धुळीत आणि उन्हात टिकणारा.

बंजारा बायकांची चोळी, म्हणजे कांचळी, हातात घेऊन बघा. पाठ उघडी, नाड्यांनी बांधायची; पुढे छातीवर आणि पोटावर उतरणारं भरतकाम; खांद्यावर वेगळा भरलेला तुकडा. खाली घेरदार घागरा, म्हणजे फेटिया, डोक्यावर ओढणी. आरसा बसवताना आधी त्याच्यावरून दोरे आडवे-उभे ओढून जाळी करतात, मग त्या जाळीत सुई अडकवून कडेने फासाचा टाका फिरवतात. हा फास आमच्या काजाच्या टाक्याचा सख्खा भाऊ. वर्गात जो टाका घालताना मुलींची बोटं भरून येतात, तोच त्यांच्या आजीच्या कांचळीवर वर्षानुवर्षं काच धरून बसला आहे. हे एकदा दिसलं की काज सुधारतं, माझा अनुभव आहे.

एकदा एका मुलीने घरून गळणो आणलं, पाण्याच्या घागरींबरोबर वापरायचं भरतकामाचं कापड. “मॅडम, हे फाईलला चालेल का?” तिने दबक्या आवाजात विचारलं. तिला वाटत होतं, शिकण्याची गोष्ट पुस्तकातून येते आणि घरची गोष्ट लपवायची असते. कर्नाटकातल्या संडूरच्या लंबाणी, म्हणजे बंजारा, भरतकामाला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. तिथल्या बायकांचं आणि हिच्या आजीचं घराणं एकच. मी ते गळणो वर्गात सगळ्यांसमोर टेबलावर अंथरलं आणि त्याचे टाके मोजून उतरवायला लावले.

तेव्हापासून इतिहासाचा सराव मी दोन पानांचा ठेवते. एका पानावर अजिंठ्याची आकृती, दुसऱ्यावर तांड्यातली किंवा आपल्या घरातली एक जुनी वस्तू. मापं टेपने घ्यायची, टाका उलट्या बाजूनेही काढायचा, नाव बंजारांच्या गोरबोलीत असेल तर तसंच लिहायचं. कोणी शिवलं, लग्नाआधी की नंतर, कापड कुठल्या बाजारचं, तेही. रोज कांचळी घालणाऱ्या बायका आता म्हाताऱ्या होत चालल्या. पुढच्या पिढीत ती तीजेला, लग्नात नाहीतर पोहरादेवीच्या यात्रेत दिसते. नव्या कांचळीत काचेच्या जागी प्लास्टिक आलं असेल, सुतीच्या जागी पॉलिस्टर, तर तेही नोंदवायचं, आणि बदल कधी झाला ते आजीला विचारायचं. मानोऱ्याच्या, मंगरूळपीरच्या मुली सुटीत हे विचारून येतात. यंदा त्यांच्या पानांची एक वेगळी फाईल मी बांधायला घेतली आहे.