ढाणकीचे जोशीपण

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण अंगास, जेथे पैनगंगा वळणे घेत घेत वऱ्हाड आणि जुना निजामी मुलूख यांच्यामधील सीमा आखीत जाते, त्या उमरखेड तालुक्यात ढाणकी हे गाव वसले आहे. नदीपलीकडे माहूरच्या डोंगरावर रेणुकेचे ठाणे, अलीकडे ‘बंदी भाग’ या नावाने ओळखले जाणारे सागवानी रान, आणि काही कोसांवर सहस्रकुंडाचा प्रपात, अशा या टापूने राज्यकर्ते पुष्कळ पाहिले. मोगली आमदानीत तो वऱ्हाड सुभ्यातील माहूर सरकारात मोडत असे. मग निजामाचा अंमल आला. १८५३ च्या तहान्वये वऱ्हाडचा कारभार कंपनी सरकारच्या हाती गेला. १९०३ साली वऱ्हाड मध्य प्रांतास जोडले गेले आणि १९०५ मध्ये, हा टापू ज्यात मोडे तो, तोवर वाशीम जिल्ह्यात असलेला पुसद तालुका यवतमाळकडे आला. सुभे, जिल्हे, मोहरा आणि दप्तराची लिपी बदलत राहिली. वसुलाचे कागद फसली सनावर आणि पुढे इंग्रजी तारखेवर गेले. परंतु ग्रामजोशाच्या वहीत शालिवाहन शक आणि तिथी, वार, नक्षत्र, योग व करण हीच पाच अंगे अखंड लिहिली जात राहिली.

या वहीत एखाद्याच्या जन्मकाळी अमुक ग्रह अमुक राशीत होता म्हणून तो मनुष्य तापट, उदार किंवा भित्रा निपजला, असे काही लिहिलेले असे काय, हा प्रश्न मला पुष्कळ दिवस कुतूहलाचा वाटत आला आहे. आज ‘तो सिंह राशीचा, ऐकायचा नाही’ असे सहज बोलले जाते आणि बोलणाऱ्यास आपण परंपरेचाच उच्चार करीत आहोत असे वाटते. माझे मत निराळे आहे. राशीवरून स्वभाव सांगण्याची विद्या ग्रंथांत प्राचीन असली, तरी खेड्याच्या व्यवहारात ती फार उशिरा आली, आणि जी आली ती पोथीतून न येता छापील कागदावरून आली.

प्रथम जोशाचे काम पाहू. बलुतेदारांच्या मालिकेत त्याची गणना होई. सुगीच्या वेळी खळ्यावर ज्वारीचा ठरीव हिस्सा, लग्नमुंजीची दक्षिणा आणि कोठे कोठे इनाम जमिनीचा तुकडा, एवढी त्याची मिरास. तिच्या मोबदल्यात पाडव्याच्या दिवशी मारुतीच्या पारावर नव्या पंचांगाचे वाचन करून पाऊसपाण्याचे व पिकांचे वर्षफल सांगणे, पेरणीस, घराच्या पायाभरणीस व लग्नास मुहूर्त काढून देणे, एकादश्या व ग्रहणे कळविणे आणि मूल जन्मले की त्याच्या नावाचे अक्षर सांगणे ही कामे त्याने करावयाची. या अक्षराचा हिशेब ‘अवकहडा’ चक्रावरून होई. चंद्र अश्विनीच्या पहिल्या चरणात असला तर ‘चू’, दुसऱ्यात ‘चे’, या क्रमाने सत्तावीस नक्षत्रांच्या एकशे आठ चरणांस एकशे आठ अक्षरे वाटून दिलेली होती. बहुसंख्य कुणबी घरांत जन्मवेळेचा उपयोग या अक्षरापलीकडे जात नसे. लग्नाच्या वेळी मूळ वेळ कोणाच्याच स्मरणात नसली, तर चालू नावाच्या आद्याक्षरावरून ‘नावरास’ धरून काम भागवीत.

सविस्तर पत्रिका हा देशमुख, देशपांडे, सावकार आणि ब्राह्मण यांच्या घरचा विषय. तिच्यातही दोन प्रकार होते. ‘टिपण’ म्हणजे शक, संवत्सर, तिथी, घटी-पळे, लग्नकुंडली व राशिकुंडली एवढे दर्शविणारा चिठोरा. ‘जन्मपत्रिका’ म्हणजे हळदकुंकू लावलेली, मंगलश्लोकाने आरंभ होणारी, कधी कधी हातभर लांब अशी गुंडाळी, तीत पूर्वजांची नावे, दशांचे कोष्टक आणि यजमान सढळ हाताचा असल्यास फलाचे श्लोक. कोलामांच्या पोडांत आणि बंजाऱ्यांच्या तांड्यांत हे कागद फारसे पोचले नव्हते; तेथे आणि गावकुसाबाहेर भविष्याची गरज कुडमुडे वाजवीत येणारा फिरता जोशी किंवा पहाटे येणारा पिंगळा भागवी. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातील जातिजमातींवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात जोशांस स्वतंत्र प्रकरण दिले आहे, यावरून या व्यवसायाचा पसारा ध्यानी यावा.

पत्रिकेचा सारा डोलारा जन्मवेळेवर उभा, आणि वेळ सांगणारी बहुधा सुईण. घटिकापात्र, म्हणजे बुडास छिद्र असलेली तांब्याची वाटी, पाण्यात बुडण्यास एक घटी, चोवीस मिनिटे लागत. परंतु हे साधन लग्नमंडपात दिसे, बाळंतिणीच्या खोलीत क्वचितच. दिवसा छाया पावलांनी मोजावी, रात्री कोणते नक्षत्र माथ्यावर आले ते पाहावे, आणि ढगाळ आषाढात कोंबडा आरवण्यावर भिस्त ठेवावी. लग्नरास साधारण दोन तासांत बदलते, म्हणून अर्ध्या घटीची चूकही सीमेवरच्या मुलाचे लग्न पालटून टाकी. पुढे १९०६ पासून हिंदुस्थानची प्रमाणवेळ सुरू झाली आणि नवीच गुंतागुंत उत्पन्न झाली, कारण ढाणकीची स्थानिक वेळ तिच्याहून सुमारे अठरा-एकोणीस मिनिटांनी मागे असते. घड्याळाची वेळ तशीच घेऊन, पुण्यामुंबईच्या सूर्योदयावर बेतलेल्या पंचांगातून केलेली कुंडली किती विश्वासाची, हे जाणत्या जोशास ठाऊक असे आणि अजाणत्यास त्याची फिकीर नसे. सरकारी कोतवाल बुकात जन्माची तारीख, बापाचे नाव व जात यांवर काम भागे. घटी-पळांशी कोतवालास कर्तव्य नव्हते. गंमत अशी की आज वंशजांस कचेरीत उपयोगी पडते ती कोतवालाचीच नोंद.

आता स्वभावाच्या श्लोकांकडे वळू. बारा राशींची कल्पना यवनांकडून, म्हणजे ग्रीकांकडून, इकडे आली हे आपल्याच ग्रंथकारांनी लपविलेले नाही; सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या ‘बृहज्जातका’त मेषास ‘क्रिय’, वृषभास ‘ताबुरि’, सिंहास ‘लेय’ अशी यावनी नावे सरळ आढळतात. याच ग्रंथात चंद्र कोणत्या राशीस असता मनुष्य कसा होतो, आणि इतर ग्रहांचे राशिपरत्वे काय फल, याचे अध्याय आहेत. मेषेचा चंद्र असलेल्याचे डोळे वाटोळे व तांबूस, तो ऊन जेवण व भाजीपाला आवडीने आणि थोडा खाणारा, लवकर प्रसन्न होणारा, भटक्या, गुडघ्यांनी दुर्बल, शूर, मानी, वाईट नखांचा, डोक्यावर व्रणाची खूण असलेला आणि पाण्यास भिणारा! वृषभेचा चंद्र असलेला देखणा, दाता, क्लेश सोसणारा, कफप्रकृतीचा, मैत्रीस पक्का, आणि मध्य व उत्तर वयात सुखी. वाचकाच्या ध्यानात येईल की येथे शील, शरीर, पोटाची भूक आणि दैव यांची एकत्र मोट बांधलेली आहे. मनाचा म्हणून काही वेगळा प्रांत वराहमिहिरास अभिप्रेत नाही. गुडघा आणि मान त्याच्या लेखी एकाच चंद्राचे देणे आहे.

ही सामग्री सामान्य जोशापर्यंत पोचली ती मुख्यतः ढुंढिराजाच्या ‘जातकाभरणा’तून. हा ढुंढिराज सोळाव्या शतकातला, गोदावरीकाठच्या पार्थपुराचा; शंकर बाळकृष्ण दीक्षित पार्थपूर म्हणजे परभणी जिल्ह्यातील पाथरी असे मानतात. उमरखेड परगण्याहून काही मुक्कामांच्या अंतरावर हा ग्रंथ जन्मला, याचे ढाणकीकरांस कौतुक वाटावयास हरकत नाही. मुहूर्तासाठी जोशांच्या हाती असणारा ‘मुहूर्तचिंतामणि’ शके १५२२ मध्ये काशीस रामदैवज्ञाने रचला, तोही मूळच्या विदर्भातील घराण्याचा. आणि त्याचा बंधू नीलकंठ याने ‘ताजिक’ ग्रंथात इत्थशाल, मुंथा, सहम अशी अरबी-फारसी वळणाची परिभाषा संस्कृत श्लोकांत बसविली. शास्त्रीबुवांच्या देव्हाऱ्यातील पोथीत यवन आणि अविंध दोघेही सुखाने नांदत होते.

सूर्य अमुक राशीस असता, मंगळ अमुक राशीस असता, असे एकेक फल ढुंढिराज सुबोध वृत्तांत देतो, त्यामुळे उतरवून घेण्यास ते सोयीचे. परंतु उतरविताना होई काय? नऊ ग्रहांची नऊ फले परस्परांशी क्वचितच जुळत. सूर्याच्या श्लोकाने कृपण ठरविलेला गृहस्थ गुरूच्या श्लोकात दानशूर होई. मग जोशाने निवड करावयाची, आणि निवड करणारा जोशी यजमानाच्या बापास, आज्यास आणि त्यांच्या देण्याघेण्यास ओळखत असे. देशमुखाच्या नातवाच्या पत्रिकेत कार्पण्याचा श्लोक पडावा कसा? या विद्येतील खरे कौशल्य गणितात नसून या निवडीत होते असे मी म्हटले तर जुने जोशी रागावले नसते; मात्र त्यांनी ते मान्यही केले नसते.

शिवाय गावाला स्वभाव विचारावयाचाच नव्हता. चुलता, सासू, शेजारी यांच्यादेखत वाढलेल्या मुलाचा स्वभाव पत्रिकेतून कळून घेण्याचे कोणास प्रयोजन नव्हते. विचारले जाई ते असे, की या जन्माचा घराला लाभ आहे की बाधा. मूळ नक्षत्रावर जन्मलेली मुलगी सासऱ्यास वाईट, आश्लेषेची सासूस, ज्येष्ठेची थोरल्या दिरास, विशाखेची धाकट्या दिरास, ही वाटणी सर्वतोमुखी होती. राक्षसगणाची वधू आणि देवगणाचा वर जुळत नाही म्हणत; मंगळ असलेल्या मुलीच्या बापास वर शोधण्यासाठी दहा गावे पालथी घालावी लागत. यातील एकाही प्रश्नात ती मुलगी स्वतः कशी आहे, शांत की करारी, हे येत नाही. मला हा व्यवहार निर्दय वाटतो, आणि शास्त्राच्या नावावर तो चालला म्हणून त्याचे निर्दयत्व कमी होत नाही.

जोतीराव फुले यांनी हे फार आधी ओळखले. १८५५ साली लिहिलेल्या ‘तृतीय रत्न’ नाटकात गरोदर कुणबी स्त्रीस ग्रहपीडेचे भय घालून लुबाडणारा जोशी त्यांनी उभा केला. पुढे सत्यशोधक समाजाने पुरोहितावाचून लग्ने लावली तेव्हा जुन्नर तालुक्यातील ओतूर येथे जोशांनी आपल्या वतनी हक्कासाठी न्यायालयात धाव घेतली. तंटा दक्षिणेचा होता, नक्षत्रांचा नव्हता.

तोवर पंचांगातही दुही माजली होती. १८४१ मध्ये मुंबईस गणपत कृष्णाजींनी पंचांग छापले आणि हाताने उतरविलेल्या पंचांगाचे दिवस सरू लागले. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६५ च्या सुमारास आकाशाशी जुळणारे पटवर्धनी पंचांग काढले. टिळकांनी तोच पक्ष धरला. परंतु राशिचक्राचा आरंभ रेवतीच्या ताऱ्यापासून धरावयाचा की चित्रेच्या समोरून, यावर एकमत होईना, आणि दोहोंत सुमारे चार अंशांचे अंतर. चंद्रास चार अंश चालण्यास सातएक तास लागतात. म्हणजे एका राशीतील त्याच्या सव्वादोन दिवसांच्या मुक्कामापैकी अखेरच्या सात तासांत जन्मलेले मूल चित्रापक्षाच्या पंचांगात मीनेचे, तर रेवतीपक्षाच्या पंचांगात मेषेचे. त्याने पाण्यास भ्यावे की नाही? पुढे मेघनाद साहांच्या समितीने १९५५ मध्ये चित्रापक्षास मान्यता दिली, तथापि जुन्या टिपणांवरील राशी कोणी खोडल्या नाहीत.

राशीवरून ‘मी कोण’ हे विचारण्याची हौस या सर्वांनंतरची आणि बरीचशी विलायती आहे. लंडनचा ॲलन लिओ हा थिऑसफीपंथी ज्योतिषी. भविष्य सांगणे हा तेथील कायद्याने गुन्हा, म्हणून १९१७ साली त्यास दंड झाला, आणि आपण होणारी गोष्ट सांगत नसून मनाची प्रवृत्ती सांगतो असा त्याचा बचाव होता. ज्योतिषात भाग्याची जागा स्वभावाने घेण्यास कायद्याचा बडगाही कारण झाला, ही गोष्ट विनोदी खरी. १९३० पासून ‘संडे एक्सप्रेस’मध्ये नेलर या ज्योतिष्याचे लेख येऊ लागले आणि त्या वळणाची सदरे जगभर पसरली. मराठी साप्ताहिकांनी साचा उचलला, मात्र सूर्याऐवजी चंद्राची रास बहुधा कायम ठेवली. १९७३ साली निघालेल्या ‘कालनिर्णया’ने राशिभविष्य भिंतीवर टांगले, तेव्हा बंदी भागातील शाळकरी मुलासही आपल्या राशीचे गुण पाठ होण्याची सोय झाली. या गुणांत तथ्य किती, याची परीक्षा २००८ मध्ये पुण्यास जयंत नारळीकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतली. हुशार आणि मतिमंद मुलांच्या कुंडल्या ओळखण्यास दिल्या असता सत्तावीस ज्योतिष्यांची उत्तरे सरासरी शेकडा ४६ बरोबर आली, नाणेफेकीहून किंचित कमी.

ढाणकीत आता जन्माचे मिनिट दवाखान्याच्या चिठ्ठीवर मिळते आणि कुंडली मोबाइलवर क्षणात उमटते. लग्न ठरविताना मात्र छत्तीस गुणांचा जुना तक्ताच उघडला जातो आणि अठरा जुळले की बोलणी पुढे सरकतात. त्या तक्त्यात नाडीस आठ, राशिकूटास सात, गणास सहा असे गुण वाटलेले आहेत. मुलाच्या किंवा मुलीच्या स्वभावाचा रकाना त्यात नाही.