घरी ऑक्सिजनवर असलेला रुग्ण आणि जुना जनरेटर

शिंदखेड्यात वीज गेली की घरातला ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरही थांबतो. त्यासाठी जुना जनरेटर घेताना 5 लिटरच्या यंत्राला साधारण 350 वॅट लागतात हे लक्षात ठेवा. यंत्र जोडून जनरेटर अर्धा तास चालवून बघा.

जनरेटर घरात किंवा ओसरीवर नको. खिडक्यांपासून किमान 20 फूट दूर, उघड्यावर ठेवा. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग-वास नसतो आणि विषबाधा होऊनही बोटावरचा ऑक्सिमीटर आकडा नॉर्मल दाखवू शकतो. डोकेदुखी, चक्कर, मळमळ जाणवल्यास रुग्णासह सगळे बाहेर या, 108 ला फोन करा.

चेंजओव्हर स्विच आणि अर्थिंग परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. भरलेला ऑक्सिजन सिलिंडर मात्र नेहमी जवळ असू द्या. जनरेटर सुरू होईपर्यंत तोच आधार असतो.